सर्व्हर बंद होता तेव्हा पत्रं बचावली, चालू झाल्यावर परत गेली

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका मशिनशॉपचा मेल सर्व्हर गेल्या पावसाळ्यात सलग एकतीस तास बंद होता. त्या एकतीस तासांत कारखान्याच्या नावाने निघालेलं एकही पत्र हरवलं नाही. मग वीज आली, सर्व्हर चालू झाला, आणि पुढच्या पावणेसहा तासांत एकसष्ट खरी पत्रं ‘असा माणूस इथे नाही’ हा शेरा घेऊन परत गेली. हा सर्व्हर मी सांभाळतो. ज्या स्क्रिप्टमुळे, म्हणजे छोट्या प्रोग्राममुळे, हे झालं ती मीच लिहिली होती. जे घडलं ते क्रमाने लिहून ठेवतो, कारण असा छोटा सर्व्हर सांभाळणारे इथे आणखीही आहेत आणि हीच चूक त्यांच्याकडेही दडून बसलेली असू शकते.

कारखाना मोठा नाही. कास्टिंग बाहेरून येतं, इथे टर्निंग, बोअरिंग आणि ग्राइंडिंग होतं, आणि माल पुणे, कोल्हापूरजवळची शिरोली, हुबळी, कोइमतूर असा जातो. ड्रॉइंग मेलवर येतं, पर्चेस ऑर्डर मेलवर येते, तपासणीचा रिपोर्ट मेलवर जातो. ऑफिसात मराठी, मशीनवर मराठी-कन्नड दोन्ही, आणि मेलवर इंग्रजी, असा आमच्या सीमाभागातला नेहमीचा कारभार. एकूण अडतीस मेलबॉक्स. मालकांना सगळे अण्णा म्हणतात. ड्रॉइंग गिऱ्हाइकाची मालमत्ता आहे, ती आपल्या छपराखालीच राहिली पाहिजे, हा त्यांचा हट्ट. म्हणून सर्व्हर ऑफिसमागच्या खोलीत आहे, स्थिर आयपी पत्त्यावर. पत्र खरंच आमच्याकडूनच निघालं हे समोरच्याला पटवणाऱ्या नोंदी, म्हणजे एसपीएफ, डीकिम आणि उलट नोंद, नीट लावलेल्या असल्यामुळे बाहेर जाणारी पत्रं गिऱ्हाइकांच्या इनबॉक्समध्ये पोचतात.

सॉफ्टवेअर सगळं मुक्तस्रोत. डेबियन या लिनक्सवर पोस्टफिक्स पत्रं घेतो आणि पाठवतो, डोव्हकॉट ती मेलबॉक्समध्ये ठेवून माणसांना वाचायला देतो, आरस्पॅमडी कचरा, म्हणजे स्पॅम, गाळतो. पोस्टफिक्स वीत्से व्हेनेमा यांनी आयबीएमच्या संशोधन केंद्रात लिहिला आणि १९९८ च्या डिसेंबरात तो सगळ्यांसाठी खुला झाला. त्याची रचना उद्यमबागेतल्या माणसाला चटकन कळते. इथे एक जण पॅटर्न करतो, दुसरा ओततो, तिसरा टर्निंग करतो, चौथा ग्राइंडिंग, आणि प्रत्येक जण समोरून आलेला नग आधी मोजून बघतो. पोस्टफिक्सही तसाच लहान लहान प्रोग्रामांचा आहे. दारावर पत्र घेणारा वेगळा, ते तपासून रांगेत लावणारा वेगळा, रांग हाकणारा वेगळा, बाहेर नेऊन देणारा वेगळा. एकाचं बिघडलं तर सगळं गाव बुडत नाही.

त्याचा एक गुण मला सगळ्यात मोलाचा वाटतो. पत्र डिस्कवर खरोखर लिहिलं गेल्याशिवाय तो पाठवणाऱ्याला ‘मिळालं’ म्हणत नाही. ‘मिळालं’ म्हणजे २५० हा आकडा. तो एकदा उच्चारला की पत्राची जबाबदारी आपली.

मेलच्या दुनियेत सर्व्हर एकमेकांशी अशा तीन अंकी आकड्यांत बोलतात. जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली लिहिलेल्या एसएमटीपीच्या, म्हणजे मेल नेण्या-आणण्याच्या, नियमांत ते आहेत आणि आजही तेच चालतात. २ ने सुरू होणारा आकडा म्हणजे काम झालं. ४ ने सुरू होणारा म्हणजे आत्ता जमत नाही, थोड्या वेळाने या. ५ ने सुरू होणारा म्हणजे नाही, परत येऊ नका. पोस्टमनने दाराला कुलूप बघून पत्र उद्या परत आणणं हे ४, आणि ‘या पत्त्यावर असा इसम राहत नाही’ असं लिहून पत्र परत धाडणं हे ५. समोरून काहीच उत्तर आलं नाही, म्हणजे सर्व्हर बंदच असला, तर पाठवणारा तेही ४ सारखंच धरतो. पत्र आपल्या रांगेत ठेवतो आणि पुन्हा पुन्हा येऊन बघतो. पोस्टफिक्स काही न बदलता वापरला तर तो पाच दिवस अशा खेपा घालतो. दोन खेपांमधलं अंतर वाढत वाढत ४००० सेकंदांवर, म्हणजे सव्वा तासाच्या आत, थांबतं.

म्हणून सर्व्हर बंद पडण्याची मला फारशी भीती वाटत नाही. पोस्टफिक्ससारख्या सर्व्हरकडे पाच दिवसांची मुदत असते. भीती वाटते ती चुकीच्या ५ ची.

मंगळवारी दिवसभर पाऊस होता. जांबोटी-कणकुंबीकडे कोसळतो तसा बेळगावात सहसा कोसळत नाही, पण त्या दिवशी शहरातही थांबला नाही. रात्री ८:२० ला वीज गेली. जनरेटरच्या खोलीत पाणी शिरलं होतं, त्यामुळे तो कोणी चालू केला नाही, आणि ते बरोबरच केलं. यूपीएसने पन्नास मिनिटं तग धरला. बॅटरी तळाला लागल्यावर ९:१० ला सर्व्हर स्वतःहून नीट बंद झाला. त्यासाठी नेटवर्क यूपीएस टूल्स बसवलं होतं आणि त्याने आपलं काम चोख केलं. बुधवारी कारखाना बंदच होता. गुरुवारी पहाटे ४:२५ ला वीज आली आणि सर्व्हर आपोआप उठला.

मी तेव्हा टिळकवाडीत घरी झोपलो होतो. सकाळी साडेसातला फोनवरून आत शिरून बघितलं. पोस्टफिक्स चालू, डोव्हकॉट चालू, डिस्क ठीक, रांगेत काही अडकलेलं नाही. आठ वाजता रोजची चाचणी झाली. बाहेरच्या एका सर्व्हरवरून पोस्टमास्टर या पत्त्यावर एक पत्र येतं, ते पोचलं की मला मेसेज येतो. मेसेज आला. मी निर्धास्त चहा घेतला.

पावणेदहाला डिस्पॅचच्या ताईंनी पुण्याच्या गिऱ्हाइकाला रिपोर्ट पाठवला. तो गेला. पाठवणं चालू होतं, जुनी पत्रं दिसत होती, लॉगिन होत होतं. नवीन काही येत नव्हतं, पण दीड दिवस सगळंच बंद होतं म्हणून त्यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. पुण्याच्या माणसाने उत्तर लिहिलं आणि ते त्याच्याकडेच परत आलं. १०:०५ ला त्याचा फोन आला. तुमच्या डिस्पॅचच्या मॅडमनी नोकरी सोडली का, मेल परत आला, असा माणूस नाही म्हणतोय, असं तो विचारत होता. अण्णांनी लगेच मला फोन लावला. “काय झालंय रे? ताई हितं माझ्यासमोर बसल्यात, आणि पुण्यात सांगालेत त्या नाहीत म्हणून!” दुसऱ्या लाइनवर हुबळीचा माणूस होता, “निम्म मेल आयडी चेंज आगेद एन्री?” विचारत. पत्ता बदललाय का, असं त्याचं म्हणणं.

लॉग, म्हणजे सर्व्हरची नोंदवही, उघडला आणि पोटात खड्डा पडला. पहाटे ४:२६ पासून एकाखाली एक एकच ओळ. ५५०, यूजर अननोन. दीड दिवस दुसऱ्यांच्या सर्व्हरवर आमची वाट बघत थांबलेली पत्रं वीज आल्यावर पहिल्या तासा-दीड तासात दारावर आली होती, आणि आम्ही प्रत्येकाला सांगितलं होतं की अशी माणसं इथे नाहीत. आमच्या अडतीस माणसांपैकी एकही.

पहिलं काम केलं ते कारण शोधण्याच्या आधी. पोस्टफिक्समध्ये सॉफ्ट बाउन्स नावाची एक सेटिंग आहे. ती चालू केली की तो जे ५ म्हणणार होता त्याचं ४ होतं, म्हणजे ५५० च्या जागी ४५० जातो. घरातल्या माणसाची समजूत गोंधळलेली असताना आलेल्याला ‘उद्या या’ म्हणावं, ‘इथे कोणी राहत नाही’ म्हणू नये. एक ओळ लिहून पोस्टफिक्सला ती वाचायला लावली. १०:१० झाले होते. त्यानंतर एकही पत्र परत गेलं नाही.

कारण पाच मिनिटांत सापडलं. पोस्टफिक्सला आपली माणसं कोण हे एका यादीतून कळतं. पूर्वी ही यादी तो थेट ऑफिसच्या डेटाबेसला विचारत असे. डेटाबेस हिशोबाच्या कॉम्प्युटरवर होता आणि तो कधीमधी बंद असे. मला ते अवलंबून राहणं पटेना. म्हणून मी स्क्रिप्ट लिहिली. रोज रात्री दोन वाजता आणि सर्व्हर सुरू होताना ती डेटाबेसमधून नावं आणून फाइल बनवते आणि पोस्टफिक्स ती फाइल वाचतो. डेटाबेस पडला तरी मेल चालेल, असा माझा हिशोब.

गुरुवारी पहाटे सर्व्हर उठला, स्क्रिप्ट चालली. पण हिशोबाचा कॉम्प्युटर वीज आल्यावर आपोआप चालू होत नव्हता, कोणी बटण दाबेपर्यंत तो झोपलेलाच असे. डेटाबेसने उत्तर दिलं नाही, स्क्रिप्टने ते तपासलं नाही, आणि रिकामी फाइल बनवून आधीच्या भरलेल्या फाइलवर ठेवली. पोस्टफिक्सच्या लेखी यादी शाबूत होती, फक्त तिच्यात नाव एकही नव्हतं. त्याने दिलेलं उत्तर त्याच्या परीने खरंच होतं.

इथे मला सगळ्यात जास्त थांबावंसं वाटतं. जुनी पद्धत, म्हणजे थेट डेटाबेसला विचारणं, जी मी कच्ची समजून काढून टाकली, ती त्या दिवशी असती तर काय झालं असतं? डेटाबेसशी संपर्क होत नाही असं दिसल्यावर पोस्टफिक्सने ४५१ दिला असता. आत्ता शोधता येत नाही, नंतर या. त्याला ‘माहीत नाही’ आणि ‘नाही’ यातला फरक कळतो, तसाच तो लिहिला आहे. माझ्या स्क्रिप्टने तो फरक पुसून टाकला. ‘माहीत नाही’ ला तिने ‘नाही’ करून त्याच्या हातात दिलं. पोस्टफिक्सच्या दस्तऐवजांतही स्थानिक माणसांच्या यादीबद्दल लिहून ठेवलं आहे की यादी नीट लागल्याची खात्री होईपर्यंत ५५० ऐवजी ४५० ठेवणं सुरक्षित. मी ते वाचलेलं होतं.

आणि आठची चाचणी का फसली? पोस्टमास्टर हा पत्ता मी हाताने लिहिलेल्या दुसऱ्या यादीत होता, टोपणपत्त्यांच्या. ती यादी भरलेली होती, म्हणून ते पत्र आत आलं. डोव्हकॉटची पासवर्डची फाइलही वेगळी, म्हणून लॉगिन चालू. मी जे जे तपासत होतो ते सगळं न बिघडलेल्या भागातून जात होतं.

परत गेलेली पत्रं परत आणता येत नाहीत. पोस्टफिक्सने ती दारातच नाकारली होती, म्हणजे पत्राचा मजकूर आमच्याकडे आलाच नव्हता. विषयही नाही. पण नाकारल्याची प्रत्येक ओळ लॉगमध्ये असते, आणि त्या ओळीत पाठवणाऱ्याचा पत्ता, ज्याला पाठवलं त्याचा पत्ता, वेळ आणि समोरच्या सर्व्हरचा आयपी असतो. तेवढं पुरलं. ओळी गाळून, दुबार काढून, उघड कचरा वेगळा करून एकसष्टांची यादी उरली. ती छापून ऑफिसात टेबलावर ठेवली. ताई, स्टोअरचे मामा, अण्णा आणि मी, चौघांनी नावं वाटून घेतली. ज्यांचा नंबर होता त्यांना फोन, बाकीच्यांना मेल. मामा प्रत्येकाला एकच सांगत होते, “आमची चूक झाली बघा, पत्ता तोच हाय, परत एकदा टाका की.” सबबी सांगायच्या नाहीत हे अण्णांनी आधीच बजावलं होतं.

शुक्रवारी संध्याकाळपर्यंत अठ्ठावन्न पत्रं पुन्हा आली किंवा त्यातलं काम फोनवरच झालं. बँकेसारखी आपोआप येणारी पत्रं मागवता येत नाहीत, ती त्या त्या साइटवर जाऊन बघितली. उरलेल्या तिघांपैकी एक कोइमतूरची चौकशी होती. नवीन गिऱ्हाइक, पहिल्यांदाच भाव विचारणारं. फोन लागला तोवर त्यांनी काम दुसरीकडे दिलं होतं. त्यांच्या खरेदी विभागाला आमचा पत्ता खोटा वाटला होता.

आणखी एक गोष्ट आठवड्याने कळली. एका मोठ्या गिऱ्हाइकाच्या प्रणालीतून येणारी डिलिव्हरीची वेळापत्रकं थांबली होती. अशा बऱ्याच प्रणाली एकदा ५५० ऐकला की तो पत्ता मृत धरून यादीतून वगळतात आणि नंतर पाठवतच नाहीत. त्यांच्या माणसाला सांगून नाव परत घालावं लागलं. आपल्याकडचं बिघडलेलं आपण दुरुस्त केलं तरी दुसऱ्याच्या वहीत मारलेली फुली तिथेच राहते.

दुरुस्तीला मी आधी स्क्रिप्टच धरली. डेटाबेसने चूक कळवली तर थांबायचं. नवीन यादी कालच्यापेक्षा एकदम लहान असेल तर बदलायची नाही, मला कळवायचं. नवीन फाइल वेगळ्या नावाने पूर्ण बनवायची आणि मग एका झटक्यात नाव बदलून जागेवर आणायची, म्हणजे अर्धवट फाइल कधी वाचली जाणार नाही. हे सगळं लिहिलं, तपासलं, चाललं. दोन दिवसांनी ते सगळंच काढून टाकलं. अडतीस माणसं. वर्षात तीन-चार येतात, दोन-तीन जातात. एवढ्यासाठी डेटाबेस आणि स्क्रिप्ट कशाला हवी? आता साधी मजकुराची फाइल आहे, हाताने बदलायची, आणि तिचा प्रत्येक बदल गिटमध्ये, म्हणजे बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या प्रोग्राममध्ये, नोंदला जातो. मोठ्या संस्थेत हे चालणार नाही. आमच्याकडे हेच सगळ्यात भक्कम आहे, आणि ते माझ्याशिवाय दुसऱ्यालाही समजतं.

बाहेरची चाचणी बदलली. आता बाहेरचा सर्व्हर दर दहा मिनिटांनी दारावर येतो आणि यादीतल्या खऱ्या नावांपैकी एकाला पत्र द्यायचं आहे असं सांगतो. २५० ऐकला की पत्र न देताच निघून जातो. मग एक मुद्दाम खोटं नाव सांगतो, तिथे ५५० मिळालाच पाहिजे. खोट्यालाही हो म्हणणारा सर्व्हर वेगळ्याच संकटात नेतो. तासाला एकदा खरं पत्र येऊन मेलबॉक्समधून वाचलं जातं. चुकलं तर मला फोनवर मेसेज येतो, मेल नाही. मेल बिघडल्याची बातमी मेलवर पाठवण्यात अर्थ नाही.

दुसरा, राखीव सर्व्हर ठेवा असं मला ओळखीच्या दोघांनी सुचवलं. मी नाही म्हणालो. आपण बंद असताना पत्र थांबवून ठेवायचं काम पाठवणाऱ्यांचे सर्व्हर आधीच करतात. आणि त्या गुरुवारी राखीव सर्व्हर असता तर त्याने पत्रं घेतली असती, आमच्याकडून ५५० ऐकला असता, आणि परतीची चिठ्ठी त्याने स्वतः पाठवली असती, कचरा पाठवणाऱ्यांनी स्वतःचे म्हणून घातलेल्या दुसऱ्यांच्या पत्त्यांवरसुद्धा. राखीव सर्व्हरवर कचऱ्याची चाळणी सहसा ढिली असते आणि कचरा पाठवणारे मुद्दाम तिकडूनच शिरतात. ज्यांच्याकडे दोन्हीकडे सारखंच लक्ष देणारी माणसं आहेत त्यांनी जरूर ठेवावा.

डेबियन १३ मध्ये डोव्हकॉट २.४ आला आहे आणि त्याची मांडणी जुन्या २.३ ला जुळत नाही, सेटिंगची फाइल नव्याने लिहावी लागते. त्या नव्या आवृत्तीवर जाताना, आणि इथून पुढे कुठलाही बदल करताना, आधी सॉफ्ट बाउन्स चालू करायचा, काम करायचं, चाचणी हिरवी झाली की तासाभराने तो बंद करायचा, असं ठरवलं आहे. तो कायम चालू ठेवायचा मोह होतो, पण मग नाव लिहिताना खरोखर चुकलेल्या माणसाला कित्येक दिवस कळतच नाही की त्याचं पत्र पोचलं नाही. तेही वाईटच.

या वर्षी मृग लागायच्या आधी एका सुट्टीच्या दिवशी अण्णांच्या परवानगीने मेन स्विच खाली ओढला. यूपीएस संपेपर्यंत बसून राहिलो. सर्व्हर नीट बंद झाला. दोन तासांनी स्विच वर केला. हिशोबाचा कॉम्प्युटर या वेळी आपोआप उठला, तेवढी सेटिंग बदलली होती. पण मधला नेटवर्कचा डबा उठला नाही, त्याचा अडॅप्टर सैल होता. तो बदलला आणि पुन्हा स्विच ओढला.

सर्व्हरच्या खोलीच्या दाराला आतून एक कागद चिकटवला आहे, वर मराठीत, खाली कन्नडमध्ये, कारण रात्रपाळीचे वॉचमन मामा कन्नडच वाचतात. त्यावर माझा नंबर, दुसरा नंबर स्टोअरमधल्या त्या पोराचा ज्याला मी हे काम शिकवतो आहे, आणि सॉफ्ट बाउन्स चालू करायच्या दोन ओळी, जशा टाइप करायच्या तशा. गेल्या महिन्यात त्या पोराने मी गावाला असताना त्या दोन ओळी पहिल्यांदा वापरल्या. डिस्क भरत आली होती, जुने लॉग काढायला त्याला वीस मिनिटं लागली, आणि लॉगमध्ये त्या वीस मिनिटांत ५ ने सुरू होणारी एकही ओळ नाही.